असामान्य माणसाचा सत्कार

नागपुरात महालातल्या बडकस चौकाच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा जितेंद्रला समोरच्या खांबावर एक ओळखीचा चेहरा दिसला. केस भरघोस, मिशी काळीभोर, अंगात मेहुण्याकडून उसना आणलेला कोट. चेहरा त्याचाच होता, लग्नातला. शेजारी उभ्या नवरीला, म्हणजे मिनलला, फोटोतून कापून टाकलं होतं, पण कापणाऱ्याचा हात चुकला असावा. तिचा मेंदी लावलेला पंजा जितेंद्रच्या कोपराशी तसाच राहून गेला होता. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘महालची शान, असामान्य प्रतिभावंत, ऑस्ट्रेलिया सरकारने ज्यांना सन्मानाने बोलावले ते मा. जितेंद्रभाऊ यांचा भव्य सत्कार, रविवारी.’ खाली हात जोडून उभा होता त्याचा चुलतभाऊ सुशील. तो शुभेच्छुक होता आणि शुभेच्छुकाचा फोटो सत्कारमूर्तीच्या फोटोपेक्षा चांगलाच मोठा होता.

सिग्नल हिरवा झाला. मागून कोणीतरी ओरडलं, “ओ भाऊ, चाला नं!” असामान्य प्रतिभावंताची स्कूटर तेवढ्यात बंद पडली होती. किक मारता मारता त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की फोटो तसा बरा आलाय. मिनलचा विचार त्यानंतर आला. विचारांचा हा क्रम त्याला घरी पोचेपर्यंत टोचत राहिला.

खरी गोष्ट घरात फक्त तिघांना माहीत होती. ऑस्ट्रेलिया सरकार जगभरातून काही मोजकी माणसं असामान्य प्रतिभेची म्हणून निवडतं आणि त्यांना थेट कायमच्या वास्तव्याचा व्हिसा देतं. नोकरी दाखवावी लागत नाही, कोणा मालकाची हमी लागत नाही, नुसती प्रतिभा दाखवावी लागते. तसा व्हिसा आला होता खरा, पण तो मिनलला. जितेंद्र आणि पंधरा वर्षांची वैभवी तिच्या अर्जात सोबतचे म्हणून होते. घरात सामानाबरोबर पिशवीही येते, तसे.

मिनल खाणीतल्या छताचा अभ्यास करायची. जमिनीखाली खोदलेल्या बोगद्याचं छत कोसळण्याआधी दगड आतल्या आत बारीक आवाज करतो, माणसाच्या कानाला कळणार नाही असा. मिनलने तो आवाज ऐकणारं यंत्र तयार केलं होतं. छत बोलायला लागलं की यंत्र भोंगा वाजवतं आणि माणसं वेळेवर बाहेर पडतात. जितेंद्रचे वडील रामाजी सारी हयात खाप्याजवळच्या मॅंगनीजच्या खाणीत होते. लोखंडी सळईने छत ठोकून, कान देऊन, मग पुढे पाऊल टाकायचं, असा त्यांचा जन्म गेला. शेवटच्या आजारपणात ते सुनेशी तासन् तास छताच्या आवाजांवर बोलायचे. मुलगा शेजारच्या खोलीत पेपर वाचायचा.

आणि जितेंद्र? जितेंद्र दहावीला बोर्डात मेरिट आला होता. त्याचा फोटो पेपरात छापून आला होता आणि तो कापून आईने देवघराशेजारी लावला होता. त्या एका फोटोवर त्याने पुढची तीसेक वर्षं काढली. एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात तो शिकवायचा आणि पीएचडी करायचा. पीएचडीचं हे चौदावं वर्ष होतं. त्याच्या बाबतीत असामान्य काही असलंच, तर ते एवढंच होतं.

व्हिसा झाल्याचं त्याने सुशीलला फोनवर सांगितलं, “आमचा व्हिसा झाला गा.” सुशीलने विचारलं, “कायच्यात झाला?” जितेंद्र म्हणाला, “असामान्य प्रतिभा.” त्यावर सुशील एवढ्या जोरात ओरडला, की जितेंद्रला फोन कानापासून लांब धरावा लागला. “मले माहीतच होतं बे! मेरिटचा पोरगा आहे आपला!” आता यावर बोलायला हवं होतं. जितेंद्रने तोंड उघडलंही, पण कौतुक कानात पडत असताना मध्ये बोलणं त्याला असभ्यपणाचं वाटलं. असभ्य तो कधीच नव्हता.

घरी पोचला तेव्हा मिनल गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. आईसमोर ती त्याला तुम्ही म्हणायची, दोघंच असली की तू.

“फ्लेक्स पाहिलास?” त्याने विचारलं.

“पाहिला. माझा हात चांगला आलाय.”

“मी काही खोटं नाही बोललो वं. ‘आमचा व्हिसा झाला’ एवढंच म्हटलं.”

“खोटं नाही बोललास. मग खरं काय बोललास?”

जितेंद्रने दोरीवरची एक चादर उगाच खाली ओढली. “त्यानं फोन लगेच ठेवून देल्ला.”

“आणि परत लावायला तुझ्याकडे त्याचा नंबर नव्हता.”

मिनलने चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघं घडी घालायला लागली.

“मी चिडली नाही,” ती म्हणाली. “खरं सांगते, चौकात आधी हसूच आलं. मग घाबरली. तिथं सगळ्या कागदांवर तू माझ्या नावाखाली राहशील. बँकेत, वैभवीच्या शाळेत, डॉक्टरकडे लोक विचारतील, आपण काय करता? आणि सुरुवातीला तू काही करत नसशील. आज तुझ्याच गल्लीत, तुझ्याच माणसांसमोर तुला हे तोंडातून काढता येऊन नाही राहिलं. मग तिथं त्याचा राग कशावर निघेल? भाजीतल्या मिठावर निघेल. वैभवीच्या मार्कांवर निघेल. माझं मागचं प्रमोशन झालं तेव्हा तू कित्येक दिवस पंख्याच्या आवाजावर चिडत होतास.”

“तो पंखा खरंच आवाज करत होता.”

“तो आजही करतो, जितेंद्र.”

चादरीची घडी झाली. ती तिने छातीशी धरली आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं. “रविवारी सत्काराला तू उत्तर देशील. तिथं सांग. नुसतं सांगू नको, लोकांना पटेल असं सांग. नाहीतर मी आणि वैभवी जाऊ. तू इथं राहा, असामान्य.”

ती हसेल म्हणून तो थोडा वेळ थांबला. ती हसली नाही. कपड्यांची बादली उचलून जिना उतरून गेली आणि गच्चीवर जितेंद्रला पहिल्यांदा खरी भीती वाटली. बायको बोलते त्यात किती खरं आणि किती रागाचं, हे त्याला इतक्या वर्षांत कळायला लागलं होतं. यात रागाचं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुशीलकडे गेला. खाप्याचं वडिलोपार्जित घर विकल्यापासून दोघं महालात एकाच गल्लीत राहायचे आणि त्या विक्रीवरून झालेला अबोला आता कुठे विरला होता. सुशीलच्या बैठकीत नारळांचं पोतं, शालींचा गठ्ठा आणि एक सोनेरी मानचिन्ह मांडून ठेवलं होतं. मानचिन्हावर कांगारू होता. तो बनवणाऱ्याने कांगारू पाहिलेला नसावा, कारण तो बराचसा हरणासारखा दिसत होता.

“सुशील, एक घोळ झाला गा,” जितेंद्र म्हणाला. “व्हिसा मले नाही भेटला. मिनलले भेटला.”

“माहीत आहे,” सुशील नारळ वाजवून पाहत म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“अबे, तुले मी लहानपणापासून ओळखतो. तुले काय म्हणून देतीन ते? त्याच दिवशी संध्याकाळी ध्यानात आलं माह्या.”

जितेंद्रला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तो दुखावला. “मंग फ्लेक्सवर माहा फोटो काहून?”

“आता ऐक. मिनलचा सत्कार ठेवला असता, तं काटोलहून तिचे माहेरचे गाडी भरून आले असते. आमची पोरगी, आमची पोरगी करून फोटो काढून गेले असते. वॉर्डाले काय भेटलं? तू महालचा आहे. मले यंदा निवडणुकीचं तिकीट भेटून राहिलं. प्रमुख पाहुणे येऊन राहिले, त्याईच्याच हातात आहे सगळं. आन् नवऱ्याचा सत्कार म्हंजे बायकोचा झालाच नं? ती राहीन तुह्या बाजूले बसलेली.”

“मिनल म्हणते, लोकाईले खरं सांग.”

“मंग सांग नं! भाषण तुह्यंच आहे. मी काय तुह्यं तोंड धरून राहिलो?” सुशील मोकळेपणाने हसला. त्या हसण्यात काही डाव असेल असं जितेंद्रला वाटलं नाही. सुशीलने आजवर गल्लीतल्या कितीतरी माणसांचे सत्कार घडवून आणले होते, कोणी निवृत्त झालं म्हणून, कोणी अमरनाथला जाऊन आलं म्हणून. सत्काराच्या धंद्यातलं त्याला जेवढं कळत होतं तेवढं जितेंद्रला त्याच्या विषयातलं कळलं असतं, तर पीएचडी केव्हाच झाली असती.

चहाचे कप न्यायला आलेली गोपिकावहिनी दारापर्यंत त्याच्यासोबत आली. सुशीलच्या प्रत्येक कार्यक्रमात नवऱ्याच्या बाजूने भांडणारी ही बाई आज आवाज खाली करून म्हणाली, “भाऊजी, भाषणात सांगून काही होत नाही बरं. याईचा सत्कार झाला, तेव्हा हे बी बोलले होते माईकवर, सगळं श्रेय गोपिकाचं आहे म्हणून. लय टाळ्या पडल्या. मी तेव्हा मागं खुर्च्या लावून राहिली होती.”

जितेंद्रने तिचं बोलणं हसण्यावारी नेलं. घरी जाऊन त्याने भाषण लिहायला घेतलं आणि तीनदा वाचून स्वतःवर खूश झाला. वैभवीने ते वाचलं. “बाबा, छान आहे,” ती म्हणाली. “पण हे सगळे असंच बोलतात ना?” तो म्हणाला, “तुले नाही समजत.”

रविवारी मंडळाचं सभागृह भरलं. जेवणात सावजी रस्सा आहे ही बातमी सुशीलने वेळेवर पसरवली होती. व्यासपीठावर मधोमध प्रमुख पाहुणे, त्यांच्या एका बाजूला सुशील आणि दुसऱ्या बाजूला जितेंद्र सपत्नीक. समोर पहिल्या रांगेत आई भागीरथा, नवं लुगडं नेसून, ताठ. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. फ्लेक्स पाहायला ती सायकलरिक्षा करून दोनदा बडकस चौकात जाऊन आली होती, हे जितेंद्रला आताच वैभवीकडून कळलं.

सुशीलने परिचय करून दिला. त्यात मेरिट चार वेळा आलं. पीएचडीचा उल्लेख ‘प्रदीर्घ संशोधन’ असा झाला. मिनलबद्दल एक वाक्य होतं, की प्रत्येक यशस्वी पुरुषाला जशी साथ लागते तशी यांनाही लाभली. मग शाल आली, नारळ आला, हरणासारखा कांगारू आला. गोपिकावहिनीने मिनलची ओटी भरली. मिनलने पदर पुढे केला, तांदूळ घेतले, सगळ्यांना नमस्कार केला आणि समोर बघत बसली. तिचा चेहरा जितेंद्रला वाचता येईना.

तो माईकपाशी गेला. छापील मराठीत त्याने सुरुवात केली, “आजचा हा सत्कार माझा नाही.”

टाळ्या पडल्या.

“म्हणजे खरोखरच माझा नाही. हा माझ्या पत्नीचा सत्कार आहे.”

टाळ्या वाढल्या. बायका विशेष खूश झाल्या. प्रमुख पाहुण्यांनी मान डोलावली.

“व्हिसा तिला मिळाला आहे. प्रतिभा तिची आहे. मी केवळ तिच्यासोबत जातो आहे.”

सभागृह दुमदुमलं. सुशीलने दुसरा माईक उचलला. “पाहा मित्रहो! एवढा मोठा माणूस, आन् किती विनय! याले म्हणते संस्कार!” प्रमुख पाहुण्यांनी रुमालाने डोळे टिपले. त्यांना हे सगळीकडे करावं लागायचं.

जितेंद्र हातातल्या कागदाकडे बघत राहिला. गोपिकावहिनी काय म्हणत होती ते त्याला आता कळलं. आजवर ऐकलेल्या प्रत्येक सत्काराच्या उत्तरात माणूस हेच म्हणाला होता, हा सत्कार माझा नाही, माझ्या आईवडिलांचा, माझ्या अर्धांगिनीचा. कोणी कधी ते खरं मानलं नव्हतं, बोलणाऱ्यानेही नाही. ते बोलायची रीत होती, आणि त्या रीतीने बोलून आपण सुटलो असं समजणारा मूर्ख तो एकटाच होता. त्याने मागे पाहिलं. मिनल ओटीतले तांदूळ रुमालात बांधत होती. बांधून झाल्यावर तिने पर्स मांडीवर घेतली. निघायची तयारी करताना ती हेच करायची.

त्याने कागद खिशात घातला.

“ऐका,” तो म्हणाला. “मला काही येत नाही. माझी पीएचडी चौदा वर्षं चालू आहे. माझे गाइड निवृत्त झाले, त्यांच्यानंतरचेही निवृत्त झाले.”

लोक हसले.

“माझा एकही शोधनिबंध छापून आलेला नाही. दहावीनंतर पेपरात एकदाच नाव आलं, तेही वाचकांच्या पत्रांत. आपल्या गल्लीतल्या नाल्याबद्दल लिहिलं होतं. नाला अजून तसाच आहे.”

लोक आणखी हसले. मागच्या रांगेतून शिट्टी आली. तशाही अवस्थेत जितेंद्रला वाटून गेलं, की आपण वक्ते तसे बरे आहोत. ते वाटल्याबरोबर त्याला स्वतःची इतकी शिसारी आली, की पुढचं वाक्य सुचेना.

“हसून काहून राहिले तुम्ही सारे?”

आवाज पहिल्या रांगेतून आला. आई उभी राहिली होती.

“काकू, बसा तुम्ही,” सुशील माईकवरून म्हणाला. “आपला जितू मजाक करून राहिला.”

“तू बस,” आई म्हणाली. सुशील बसला. आई लोकांकडे वळली. “हा माह्या पोटचा पोरगा आहे. सातवीत गणितात नापास झाला, तं म्हणे मास्तरले शिकवता नाही येत. सरकारी नोकरी नाही लागली, तं म्हणे त्याईले माणसाची पारख नाही. यानं आपल्या तोंडानं स्वतःले कमी म्हटल्याचं मी जन्मात ऐकलं नाही. आज हा असं बोलून राहिला, म्हंजे ते खरंच आहे.”

कोणी हसलं नाही. सगळं सभागृह भागीरथाबाईंना ओळखत होतं आणि जितेंद्रलाही. लोकांच्या चेहऱ्यावर एकामागून एक ते पटत गेलेलं जितेंद्रला माईकपाशी उभ्या उभ्या दिसत होतं. गोपिकावहिनीने तोंडाला पदर लावला. ती रडत नव्हती हे नक्की.

“व्हिसा मिनलले भेटला?” आईने विचारलं.

“हो, आई.”

“तुले नाही?”

“नाही.”

“मंग मले काहून नाही सांगतलं?”

“लाज वाटली,” तो म्हणाला. छापील मराठी कुठल्या कुठे गेली होती.

“बायकोची?”

“नाही वं. माही.”

प्रमुख पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सुशील त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगायला लागला, बहुधा रश्श्याबद्दल. आई तशीच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर जितेंद्रला बरं वाटलं असतं. ती विचार करत होती.

“मंग तू तिथं काय करशीन?” तिने विचारलं.

या प्रश्नाची त्याच्याकडे बरीच उत्तरं तयार होती. कॉलेजात त्याने एक सांगितलं होतं, शेजाऱ्यांना दुसरं. तिथल्या विद्यापीठात प्रबंध पूर्ण करीन. ऑनलाइन शिकवीन. सल्लागार होईन. मिनलने मात्र हा प्रश्न त्याला कधी विचारला नव्हता, आणि का विचारला नव्हता हेही त्याला माहीत होतं. आता तिने पर्स खाली ठेवली होती आणि ती त्याच्याकडे बघत होती.

“माहीत नाही, आई,” तो म्हणाला. “हिले खाणीत जा लागीन. मी पोरीले शाळेत सोडीन, सैपाक शिकीन. संध्याकाळी हिची वाट पाहीन.”

टाळी पडली नाही. कोणाला काय करावं ते कळेना. मिनल खुर्चीवरून उठून त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि फक्त त्याच्यासाठी म्हणून म्हणाली, “तिकिटं तिघांची काढते.” माईक दोघांच्या मधोमध होता. ते मागच्या दारातल्या आचाऱ्यापर्यंत ऐकू गेलं.

आई अजून बसली नव्हती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

“वाट पाहशीन, तं जेवून घेत जाजो,” ती म्हणाली. “खाणीतल्या माणसाचा काही भरोसा नसते. तुह्या बापाची ड्यूटी सुटून तो दारात दिसेपर्यंत मी तीस वर्ष तोंडात घास घातला नाही. त्यानं एका बी दिवशी इचारलं नाही, का भागीरथा, तू जेवली काय?”